पहिल्यांदा विवरात उतरताना

दसरा झाला की बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार विवराच्या काठावर बाहेरगावच्या गाड्या वाढतात. पाऊस थांबलेला असतो, सकाळच्या हवेत थोडा गारवा आलेला असतो, आणि विवराच्या कडेवरून आत पाहिलं तर तळ्याच्या काठापर्यंत सगळा उतार हिरवा दिसतो. उन्हाळ्यात उघडी पडणारी खडी, मुरुमाचे पट्टे, पाण्याने कोरलेल्या घळी, सगळं झाकलेलं असतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, उतरायचं तर आत्ताच. या उतारावर वर्षानुवर्षं ये-जा करणारी माणसं मात्र याच दिवसांत सगळ्यांत जपून पाय टाकतात.

कारणं साधी आहेत. गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं, त्यामुळे खाली दगड आहे की खड्डा, ते पाय पडल्यावरच कळतं. चार महिन्यांच्या पाण्याने दगडांखालची माती वाहून गेलेली असते. मार्चमध्ये ज्या दगडावर डोळे मिटून पाय ठेवला, तोच आता हलतो. सावलीतल्या काळ्या दगडांवर शेवाळ असतं आणि त्यावर पहाटेचं दव. पावसाळ्यात माणसांचा वावर कमी झाल्याने पायवाटा बुजतात. वेड्या बाभळीच्या फांद्या आडव्या वाढतात. घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चौघांनाही हे दिवस मानवतात. आणि अकराच्या पुढे ऊन असं तापतं की विवराच्या आत, जिथे वारा पोचत नाही, तिथे जीव कासावीस होतो.

अशा दिवसांत, ज्याने कधी डोंगर उतरलेला नाही अशा माणसाला आत न्यायचं असेल तर काय करावं, हा या लेखाचा विषय. हा प्रश्न मला बुलढाण्यात पडला नाही. तो पहिल्यांदा पडला औलीच्या बर्फात, पायात स्की असताना.

उत्तराखंडात जोशीमठाच्या वर, अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर औली आहे. जोशीमठाहून तिथे जाणारी सुमारे ४ किलोमीटरची दोरवाट २०२३ पर्यंत चालत होती, भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंग शिकवणारी संस्था आहे, आणि २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या होत्या. गढवाल मंडल विकास निगमाचे स्कीइंगचे वर्गही तिथे चालतात. हिवाळ्यात या भागात मराठी कानावर पडल्याशिवाय राहत नाही. पुण्या-मुंबईची तर माणसं असतातच, पण अकोला, अमरावती, नागपूरचीही भेटतात. बहुतेकांनी सह्याद्रीत किंवा सातपुड्यात पाय मोडून घेतलेले असतात आणि बर्फ मात्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला असतो.

तिथल्या गढवाली शिक्षकाने आमच्या तुकडीला पहिला धडा दिला तो पडण्याचा. बाजूवर कसं पडायचं, दोन्ही स्की उताराला आडव्या करून कसं उठायचं. मग सपाट जागेवर एकाच पायात स्की घालून चालणं. मग आडव्या पावलांनी चार हात वर चढणं आणि तेवढंच खाली येणं. पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग मारणं त्यानंतर आलं. आमच्यातल्या तरुण पोरांना हे सगळं फार संथ वाटत होतं. त्यांचं लक्ष वरच्या गोरसोंच्या मोकळ्या उतारांकडे होतं, जिथे दाबून सपाट केलेली पट्टी नाही, दोरवाट नाही, गस्त नाही. स्कीच्या तळाला एका दिशेनेच घसरणारे पट्टे लावून स्वतःच्या पायांनी वर चढायचं आणि अस्पर्श बर्फातून खाली यायचं. याला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. शिक्षकांनी त्यांना त्या दिवशी जे समजावलं, ते मी नंतर बर्फावरच्या पुस्तकांमधून पडताळून पाहिलं.

हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ पातळ असतो. पहिल्या एक-दोन वर्षावांनी डोंगर पांढरा होतो, पण त्या पांढऱ्याखाली वीतभर अंतरावर दगड आणि झाडांचे बुंधे तसेच असतात. स्की अडकली की गुडघा पिळवटतो. दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. जमीन अजून उबदार, शून्य अंशाच्या आसपास. वरची हवा निरभ्र रात्री कितीतरी खाली गेलेली. मधला बर्फाचा थर पातळ असला की या फरकामुळे आतली वाफ वर सरकते, बर्फाचे कण एकमेकांना सोडतात आणि तळाशी साखरेसारखे सुटे, मोठे दाणे तयार होतात. पुढे त्यावर जाड बर्फ पडला की तो या सुट्या दाण्यांवर नुसता टेकलेला असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाचं वजनही त्याला पुरतं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता मोठी असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. म्हणून जाणते लोक संदेशयंत्र, फावडं आणि लांब सळई घेतल्याशिवाय अशा उतारावर जात नाहीत, आणि नवख्याला तर पहिल्या दिवशी तिकडे नेतच नाहीत.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी द्रौपदी का डांडा – २ या शिखराच्या उतारावर हिमस्खलनात सापडली. २९ जण गेले. ते नवखे नव्हते, संस्था १९६५ पासूनची, शिकवणारे नावाजलेले. त्या बातमीनंतर माझ्या मनात बसलं ते एवढंच की उतार कोणाची ओळख ठेवत नाही, आणि मोसम बदलतो तेव्हा जुनी ओळख आणखीच कमी कामाला येते.

लोणारचा उतार बर्फाचा नाही आणि इथे कोणी गाडलं जात नाही. धोक्याची प्रत वेगळी आहे, हे आधीच सांगून टाकते. पण नवख्या माणसाला मोसमाच्या सुरुवातीला उतारावर नेण्यातली जबाबदारी तीच आहे, आणि ती आपल्याकडे फार हलक्यात घेतली जाते असं मला मनापासून वाटतं.

मेहकरच्या माझ्या वहिनी पन्नाशी ओलांडलेल्या. मेहकरहून लोणार अर्ध्या-पाऊण तासावर. लग्न होऊन आल्या त्या वर्षी दादांनी त्यांना स्कूटरवर बसवून काठापर्यंत नेलं होतं. त्यानंतर पाहुणे आले की काठ दाखवायला त्या कितीदा तरी गेल्या, दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पांबद्दल त्या पाहुण्यांना न अडखळता सांगतात, काठावरच्या 'धार' या झऱ्याच्या गोमुखाखाली त्यांनी दोन्ही मुलांना आंघोळ घातली. विवरात मात्र त्या कधीच उतरल्या नव्हत्या. नवरात्रात तळ्याकाठच्या कमळजा देवीची यात्रा भरते, हजारो माणसं उतरतात, शेजारणी दरवर्षी जातात. "नवरात्रात मी गेले तर घटापाशी कोण?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. घट उठल्यावर दिवाळीची कामं, मग लग्नसराई, मग ऊन.

अशा बाया या भागात शेकड्यांनी आहेत. जगभरातून अभ्यासक ज्या विवरासाठी येतात, त्याच्या काठावर आयुष्य गेलं आणि तळाला पाय लागला नाही. पुरुषांचं तसं नसतं. गुरं वळायला, लाकडं आणायला, पोहायला, काही ना काही निमित्ताने लहानपणीच ते खाली गेलेले असतात. म्हणून 'नवखा' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पुण्याहून आलेला कॉलेजचा पोरगा येत नाही, वहिनी येतात.

गेल्या वर्षी कोजागिरी झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "ताई, यंदा मला आत न्या. पण माझ्या गुडघ्यांचं तुम्ही पाहून घ्या."

दोन दिवस आधी मी लोणारला गेले आणि तिथल्या एका वाटाड्याला घेऊन वाट पाहून आले. ही पाहणी कोणी करत नाही. सहली आणणारे एक शिक्षक मला म्हणाले होते, वाट तीच तर आहे, दरवर्षीची. पण पाऊस दरवर्षी तोच नसतो. आम्ही गेलो तेव्हा धारेकडून उतरणाऱ्या पायऱ्यांच्या खाली, वाट जिथे दगडधोंड्यांत शिरते, तिथे एका ठिकाणी पाण्याने वाटेचा कडेचा भाग कापून नेला होता. मला किंवा वाटाड्याला ती एक ढांग होती. साडीत, दुखऱ्या गुडघ्याने, तीच ढांग कशी पडेल याचा विचार करावा लागला. वाटाड्यांनी वरच्या बाजूने झाडाला धरून जाण्याची जागा शोधली. दुसरी एक वाट, जी मला स्वतःला जास्त आवडते आणि जी सरळ खाली उतरते, ती आम्ही सोडूनच दिली. काही ठिकाणी विवराची आतली भिंत ३० अंशांच्या आसपास जाते, आणि त्या वाटेवर गवताखाली सगळी सुटी खडी होती.

त्याच दिवशी ठरवलं की कमळजा देवीपर्यंत जायचं हे आधी बोलायचं नाही. तळं दिसेल, जमलं तर पाण्यापर्यंत जाऊ, नाहीतर मधल्या मंदिरापासून परत. नवख्या माणसाला मोठं ठिकाण सांगितलं की त्याचे पाय त्या ठिकाणासाठी चालतात, आणि दुखलं तरी ते सांगत नाही. बायका तर मुळीच सांगत नाहीत.

वहिनींकडे चालायला चपला होत्या आणि लग्नकार्याच्या सँडल. मुलाचे कॅनव्हासचे बूट त्यांना बसत होते, पण तळ झिजलेला. मेहकरच्या बाजारात खाच असलेल्या तळाचे साधे बूट मिळाले. चार दिवस ते घालून घरात आणि गच्चीवर फिरा, एवढंच मी सांगितलं. नवे बूट उतारावर पहिल्यांदा घालणं म्हणजे पायाच्या बोटांना फोड आणणं. पाणी प्रत्येकी तीन लिटर. तळ्याचं पाणी पिण्याजोगं नाही. त्याचा सामू दहाच्या वर जातो, इतकं ते अल्कधर्मी आहे, आणि खारंही. लिंबू, मीठ, साखर, गूळ-शेंगदाणे, भाकरी. टोपीऐवजी त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. साडीच नेसणार म्हणाल्या, तर काष्टा घातला. काठ्या दोन. कुठे जातो, किती वाजता वर येणार, हे दादांना सांगून ठेवलं, आणि तेवढ्या वेळात फोन आला नाही तर कोणाला कळवायचं तेही. विवरात फोन सगळीकडे लागत नाही. लोणारच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक कागदावर लिहून वाटाड्याच्या खिशात. साप चावला तर कापायचं नाही, बांधायचं नाही, पळायचं नाही, पाय हलू न देता वर आणायचं.

सकाळी साडेसातला धारेवर पोचलो. गोमुखातून बारमाही पाणी पडतं, तिथे त्यांनी हात जोडले. पायऱ्या संपेपर्यंत सगळं सुरळीत होतं. पायऱ्या संपल्या, दगडांची वाट सुरू झाली, आणि पहिल्याच उताराला त्या थबकल्या.

नवखा माणूस उताराला लागला की शरीर मागे टाकतो. भीतीने पाठ डोंगराकडे झुकते, वजन टाचांच्या मागे जातं आणि पाय पुढे निसटतात. औलीतही अगदी असंच होत होतं. शिक्षक ओरडून ओरडून सांगायचे, पुढे झुका, नडग्या बुटाच्या जिभेला लागू द्या. जे भीतीला नको वाटतं तेच शरीराला करावं लागतं. हे नुसतं सांगून कळत नाही. वाटाड्या वहिनींच्या दोन पावलं खाली जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"वहिनी, माह्याकडं पाहा. खाली पाहू नका. आडवं पाऊल टाका, बांधावरून उतरता तसं."

"बांधावरून उतरून पण किती वर्षं झाली हो भाऊ."

"पायाले आठवते. तुम्ही नुसतं टाका."

त्यांनी टाकलं. आडवं पाऊल, मग दुसरं पाऊल पहिल्याशेजारी, मग काठी. नागमोडी उतरायचं, सरळ नाही. वळताना आधी काठी रोवायची, मग खालचा पाय. स्कीइंगमध्ये पहिल्या दिवशी जे आडव्या पावलांचं चढणं-उतरणं शिकवतात, त्यात आणि यात काडीचाही फरक नाही. डोंगर, बर्फ, मुरूम, सगळीकडे शरीर उताराशी ज्या पद्धतीने जुळवून घेतं ती एकच आहे. मी मुद्दाम त्यांच्या मागे होते. पुढच्याने वाट दाखवायची, मागच्याने पाय पाहायचे. गुडघा आत वळतोय का, पाऊल टाकण्याआधी थांबणं वाढतंय का, बोलणं बंद झालंय का. बोलणं बंद होणं ही पहिली खूण असते.

मोठ्या तुकड्यांमध्ये मी याच्या उलट पाहते. सगळ्यांत जोरात चालणारा पुढे, नवखे मागे, आणि पुढचे थांबून विश्रांती घेतात तेव्हा मागचे धापा टाकत पोचतात. ते पोचले की पुढचे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. वीस-तीस वर्षं डोंगरात फिरलेले लोकही हे करतात.

"घाई काऊन करता? तळं काई पळून नाई चाललं," एका वळणावर वाटाड्या म्हणाले, कारण वहिनींना आता जमू लागलं होतं आणि वेग वाढला होता. अपघात बहुधा अशाच वेळी होतात, भीती गेल्यानंतर आणि सवय लागण्याआधी. तिथे आम्ही सक्तीने बसलो. पाणी प्यायलो. समोरच्या कड्यावर बेसॉल्टचे थर एकावर एक दिसत होते.

हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग त्यानेच झाला. त्यावर नंतर केव्हातरी आकाशातून अशनी येऊन आदळली. केव्हा, यावर अजून एकमत नाही. एका पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं, तर दुसऱ्या, आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारलेल्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. बरीच वर्षं हा ज्वालामुखीचा प्रकार मानला गेला. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात आघाताचे पुरावे मांडले: प्रचंड दाबाने काचेसारखं झालेलं खनिज, मास्केलिनाइट, इथल्या दगडात सापडतं. बेसॉल्टमध्ये अशनीने झालेली आणि इतकी टिकून राहिलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्रावर आणि मंगळावरही बेसॉल्टचे मोठे प्रदेश आहेत, म्हणून तिकडची विवरं समजून घ्यायला अभ्यासक इकडे येतात.

वहिनींनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपण बसलोय तो दगड आधीचा, आणि खड्डा नंतरचा?" बरोबर तेच. लवणासुराला मारण्यासाठी विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं ही कथा त्यांना पाठ आहे. त्या म्हणाल्या की वरून काहीतरी आलं आणि जमीन फाटली, हे दोन्हीकडे आहेच. मला हे ऐकून फार आनंद झाला. काठावरच्या माहितीफलकापाशी उभं राहून असा प्रश्न कोणी विचारत नाही. तो उतारावर बसून, हात दगडावर टेकलेला असतानाच सुचतो.

विवराचा सरासरी व्यास सुमारे १८३० मीटर, काठापासून तळ्यापर्यंतची उतरण सुमारे १३७ मीटर. किल्ले चढणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण उतरणीत मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, आणि सवय नसलेल्या स्नायूंना हे काम चढण्यापेक्षा जास्त इजा करतं. दुखणं त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. त्या दिवशी फक्त थरथर जाणवते. शिवाय इथे हिशोब उलटा आहे. सह्याद्रीत आधी चढून मग उतरायचं, थकलेला माणूस घराकडे उतरत असतो. लोणारला आधी उतरायचं आणि थकल्यावर, ऊन चढल्यावर, वर यायचं. शक्ती कुठे संपली हे तळाशी कळून उपयोग नाही.

वाटेत कुमारेश्वराचं पडकं मंदिर लागलं. तिथून पुढे झाडी दाट होते. साग, कडुनिंब, सीताफळ, आणि सगळ्यांच्या वरचढ वेडी बाभूळ. मोर ओरडत होते. बिबट्याचा वावर इथे आहे, म्हणून आवाज करत, एकत्र चाललो. तळ्याजवळ येताच गंधकाचा, कुजलेल्या शेवाळाचा वास आला. पाणी हिरवट होतं. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. वहिनींनी तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं. पाणी घटून खारेपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य पाण्यात उतरलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

पाण्यापासून थोडं अलीकडे, कोरड्या जागी बसून आम्ही भाकरी खाल्ली. वहिनी खूश होत्या. झाडीत दडलेल्या कमळजा देवीच्या मंदिराच्या दिशेने त्यांनी दोनदा मान वळवून पाहिलं. वाटाड्या माझ्याकडे पाहत होते. घड्याळात साडेनऊ. मी वहिनींना उभं राहून दोन्ही गुडघे हळू वाकवायला सांगितलं, खुर्चीत बसतो तसं. त्या अर्ध्यापर्यंत गेल्या आणि मांड्या थरथरू लागल्या.

"इथून परत, वहिनी."

"एवढं आले आणि देवी राहिली?"

"देवीपर्यंत जाणं जमेल. तिथून वर काठापर्यंत येणं आज जमणार नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. मलाही वाईट वाटत होतं, कारण तळ्याकाठची ती मंदिरं, पाण्यालगतची झाडी, पक्षी, हे सगळं मला त्यांना दाखवायचं होतं. नवख्या माणसाला घेऊन जाणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. वाट माहीत असणं, दोर बांधता येणं, प्रथमोपचार येणं, हे सगळं शिकता येतं. पण आपल्याला पाहायचं आहे, आपल्याला दाखवायचं आहे, ही ओढ समोरच्या माणसाच्या पायांकडे पाहून आवरणं, हे कुठल्या अभ्यासक्रमात नेमकं शिकवतात मला माहीत नाही. औलीच्या त्या शिक्षकाला ते येत होतं. तरुण पोरं रागावली, तरी त्याने त्यांना वरच्या उतारावर नेलं नाही.

चढताना तीस-चाळीस पावलं आणि थांबा, असं लावून घेतलं. दहा वाजता ऊन पाठीवर आलं. अर्ध्यावर वहिनींचा चेहरा लाल झाला, तेव्हा सावलीत बसवून रुमाल भिजवून मानेवर ठेवला आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोटाघोटाने दिलं. दव वाळल्यामुळे दगड आता घट्ट पकडत होते, पण पाय जड झाले होते. जिथे वाट कापली गेली होती तिथे त्यांनी झाडाला धरलं आणि कोणाचा हात न घेता पलीकडे गेल्या. गोमुखाखाली पोचल्यावर त्यांनी रुमालासकट डोकं धारेखाली धरलं.

आता या एका सकाळच्या बाहेरचं थोडं सांगते. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी मुलुखात डोंगरात जाणाऱ्यांची गर्दी प्रचंड वाढली आहे. फोनवर जाहिरात येते, पैसे भरले की बस, नाश्ता, फोटो. नवख्यांना नेणाऱ्यांपैकी किती जणांनी आदल्या आठवड्यात ती वाट पाहिलेली असते? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं ठेवावीत अशी अपेक्षा आहे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघासारख्या संघटना बरीच वर्षं हेच सांगत आल्या. पण नियमांचं लक्ष सह्याद्रीच्या कड्यांकडे असतं. लोणारसारख्या, 'फिरायला जायच्या' जागेकडे साहस म्हणून कोणी पाहत नाही, त्यामुळे इथे चपला घातलेली, पाण्याची एक बाटली घेतलेली कुटुंबं भर दुपारी आत उतरताना मी पाहते. वाटाड्या घेणारी फार थोडी. आमच्या वाटाड्यांना विचारलं तर म्हणाले, लोक काठावर फोटो काढतात आणि माझी मजुरी ऐकून पुढे निघून जातात. अख्ख्या सकाळच्या त्यांच्या कामाचं मोल एका माणसाच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा फार वर नसतं.

जागेलाही जपावं लागतं. लोणारचं विवर २००० पासून अभयारण्य आहे, त्याआधी १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवारसा स्थळ जाहीर झालं. गावाचं सांडपाणी, वेडी बाभूळ, प्लास्टिक यांवरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पहिल्यांदा आत जाणाऱ्याला पाऊल कुठे टाकायचं हे सांगताना, कुठे टाकायचं नाही हेही तेव्हाच सांगता येतं: नवी वाट पाडू नका, दगड खिशात घालू नका, देवीला वाहिलेलं प्लास्टिक तिथे सोडू नका. वहिनींनी तळ्याकाठी पडलेल्या कुरकुऱ्यांच्या दोन पिशव्या उचलून पदरात बांधल्या होत्या. मी त्यांना तसं काहीच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. जिना उतरताना पाय लागत नाहीत, मागे तोंड करून उतरते आहे, म्हणाल्या. हे दुखणं चांगलं आहे, असं मी त्यांना समजावलं. एकदा बेताची उतरण झाली की त्याच स्नायूंना पुढचे काही आठवडे तशाच कामाने कमी त्रास होतो. पहिली फेरी छोटी ठेवायची आणि दुसरी फार लांबवायची नाही, याचं कारण तेच. त्यांनी लगेच कॅलेंडर उघडलं. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी, त्या आठवड्यात रस्ता नको. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न आटोपलं की जाऊ. गवत तोवर वाळलेलं असेल, वाट उघडी पडलेली असेल.

"आणि ताई, शेजारच्या दोघी येतो म्हणतात. त्यांच्यातली एक दम्याची आहे. चालेल ना?"

मी म्हटलं, त्यांचं औषध, त्यांचे बूट आणि त्यांचा डॉक्टर काय म्हणतो ते आधी मला कळवा, आणि मागे चालायला माझ्याखेरीज अजून एक जाणती बाई हवी. वहिनी म्हणाल्या, "ती मी."

मी त्यांना सांगितलं, अजून नाही. पण मधे चाला, आणि आडवं पाऊल कसं टाकायचं ते त्या दोघींना गच्चीवर आतापासूनच शिकवायला घ्या.